विक्कीचा नारळ

मी कुणाकडेही जाताना डझनभर केळीच का नेतो, यावरून तुम्ही सगळे माझी चेष्टा करता. करा. बारसं असो, वास्तुशांत असो, कुणी अमेरिकेला निघालेलं असो, कदम आपले केळी घेऊन हजर! गेल्या महिन्यात तर एका पुस्तकाच्या प्रकाशनाला मी व्यासपीठावर केळी घेऊन चढलो, तेव्हा अध्यक्षांना वाटलं, फराळाची सोय झाली.

आज चहा बरा झालाय, म्हणून एकदाचं सांगून टाकतो. पण आधी कप खाली ठेवा. मागे एकदा हे सांगत होतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या नाकातून चहा आला होता आणि माझ्या नव्या सतरंजीवर डाग पडला होता.

तर माझ्या हातून एक लग्न ठरलं होतं. माझ्याच मुलीचं. आणि ते मला सोडून सगळ्यांना कळलं होतं!

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. दिल्लीतलं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नोएडात घर बांधलं. आमच्या ओळीत तेव्हा आठच घरं. बाकी रिकाम्या प्लॉटवर वाळूचे ढीग, आणि प्रत्येक ढिगावर झोपलेलं एकेक कुत्रं. पत्ता सांगताना 'तिसऱ्या ढिगासमोर' असं सांगावं लागायचं. ढीग कुणी उचलून नेला की पाहुणे हरवायचे.

शेजारी भाटिया. भाटियासाहेबांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान, त्यांची बायको संतोष भाभी आणि मुलगा विक्की. हो, संतोष हे बाईचंच नाव. तिकडे चालतं.

माझी बायको सुनंदा आणि संतोष भाभी यांची पहिल्याच आठवड्यात गट्टी जमली. सुनंदाचं हिंदी म्हणजे मराठीलाच शेवटी 'है' लावलेलं. भाभीचं हिंदी निम्मं पंजाबी. दोघी गच्चीच्या भिंतीवरून रोज तासभर बोलायच्या. काय बोलायच्या आणि एकमेकींना काय कळायचं, देव जाणे.

सुनंदा त्या घरात दीडच वर्ष राहिली.

त्याबद्दल फार सांगत नाही. एवढंच सांगतो, की त्या तेरा दिवसांत आमचा गॅस पेटला नाही, तरी घरात कुणी उपाशी राहिलं नाही. आणि तेरा दिवस संपल्यावरही दर गुरुवारी संध्याकाळी मधल्या भिंतीवरून राजम्याचा स्टीलचा डबा येत राहिला. भाभी हाक मारायची, "भाईसाब, डब्बा!" आणि माझी मुलगी मनीषा, म्हणजे आमची मनू, तो वरच्या वर पकडायची. एकही गुरुवार चुकला नाही. हा डबा लक्षात ठेवा. कारण माझ्या शहाणपणापायी पुढे जे पणाला लागलं, ते हेच.

तर त्या वर्षी विक्कीला नोकरी लागली. मानेसरला नवा कारखाना झाला होता, गाड्यांचे पार्ट्स बनवणारा, परदेशी भागीदारीचा. कंपनीची बस, कंपनीचा युनिफॉर्म, कंपनीचं जेवण! भाटियांच्या घरात दिवाळीच. कारण विक्की हा मुलगा स्वभावानं सोन्यासारखा, पण गणितात... असो. त्याला डिप्लोमाचं गणित मनूनं शिकवलं होतं. ती त्याच्याहून दीड वर्षानं मोठी, तो तिला 'मनू दीदी' म्हणायचा आणि तिच्यासमोर यायला घाबरायचा, कारण ती अजूनही अधूनमधून सूत्रं विचारायची.

भाभी लाडूंचा मोठा डबा घेऊन आली. ती गेल्यावर मी मनूला म्हटलं, "विक्कीचं काहीतरी करायला हवं गं."

मनू तेव्हा एका कंप्युटर कंपनीत नव्यानं लागली होती. सकाळी चार्टर्ड बस पकडायची, संध्याकाळी साडेसहाला यायची. बुटाची लेस सोडत ती म्हणाली, "आई असती तर काय केलं असतं?"

"ओवाळलं असतं. नारळ दिला असता."

"मग तेच करा ना, यार. त्यात काय विचारायचं?"

हे तिचं वाक्यही लक्षात ठेवा. कोर्टात लागलं असतं.

आता आपल्याकडे नारळ म्हणजे काय, हे तुम्हाला काय सांगायचं? पास झाला, नारळ. रिटायर झाला, नारळ. गावाला निघाला, नारळ. परत आला, नारळ! सरकारी क्वार्टरमध्ये होतो तेव्हा आजूबाजूला चार मराठी घरं होती, आणि सुनंदानं किती कपाळांना कुंकू लावून किती हातांत नारळ ठेवले असतील याची गणती नाही. नोएडाला आल्यावर मात्र सुनंदा असेपर्यंत कुणी पासही झालं नाही आणि कुठे गेलंही नाही. त्यामुळे आमच्या ओळीनं हा प्रकार पाहिलेला नव्हता. इथेच माझं नशीब फिरलं.

नारळ मिळता मिळेना. भाजीवाला म्हणाला, "पानी वाला?" मी म्हटलं, पूजेचा. त्यानं मला देवळाजवळच्या पूजासाहित्याच्या दुकानात पाठवलं. तिथला दुकानदार फार अगत्याचा.

"शुभ काम है?"

"हाँ हाँ, एकदम शुभ!"

"लड़के को देना है?"

"हाँ, लडके को ही."

बस. त्यानं नारळाला लाल, गोटा म्हणजे जरीची किनार लावलेलं कापड गुंडाळलं, वर लाल-पिवळा धागा बांधला, सोबत पुडीत खारका घातल्या आणि म्हणाला, "बधाई हो!" मी मनात म्हटलं, उत्तरेतली माणसं किती मोकळ्या मनाची! आपल्या पुण्यात दुकानदारानं सुटे मागितले असते आणि मान फिरवली असती.

रविवारी सकाळी मनू मैत्रिणीकडे गेली. मी तयारीला लागलो. शाल हवी. लेखकाच्या घरात पैसे नसले तरी शाली असतात. मराठी मंडळाच्या सत्कारातली एक कोरी शाल काढली. पेढे आणले. मग सुनंदाचा कुंकवाचा करंडा काढला. तो तिच्यामागे कुणी उघडला नव्हता. झाकण घट्ट बसलं होतं. थोडा वेळ लागला.

ताट घेऊन भाटियांकडे गेलो. बैठकीत भाभी मटार सोलत होती. कोपऱ्यात भाटियासाहेबांच्या मोठ्या बहीण, बुआजी, वर्तमानपत्र वाचत होत्या. या अंबाल्याच्या रिटायर्ड हेडमिस्ट्रेस. लग्न केलेलं नाही. चष्म्याच्या वरून बघायच्या तेव्हा मला माझा न केलेला गृहपाठ आठवायचा. महिनाभरासाठी राहायला आल्या होत्या.

"विक्की बेटा, इधर आओ. पूरब की तरफ मुँह करके बैठो."

भाभीच्या हातातली शेंग थांबली.

"और सिर पर रुमाल रखो." आपल्याकडे टोपी घालतात, पण विक्कीकडे टोपी कुठली?

त्यानं रुमाल ठेवला. मी कुंकू लावलं. अक्षता लावल्या. शाल पांघरली. लाल कापडातला नारळ आणि त्यावर एक रुपया, असं त्याच्या ओंजळीत ठेवलं. तोंडात पेढा घातला, आणि आणलीच आहे तर म्हणून एक खारीकही घातली. मग डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "आज से तुम हमारे भी बेटे हो."

हे वाक्य कुणी सांगितलं होतं बोलायला? कुणीच नाही. आपोआप आलं!

मटारचं ताट भाभीच्या मांडीवरून खाली गेलं आणि दाणे सोफ्याखाली पळाले.

"सुनो जी! जी! बाहर आओ!"

भाटियासाहेब अर्ध्या गालाला साबण लावलेले बाहेर आले. विक्कीच्या कपाळाकडे पाहिलं, ओंजळीकडे पाहिलं आणि मला मिठी मारली. माझा उजवा कान साबणानं भरला. त्यामुळे पुढचं मला निम्मंच ऐकू आलं असेल, असं मी स्वतःला समजावतो.

"कदम साब, आपने तो... हम तो बोलने की हिम्मत नहीं कर रहे थे!"

"अरे, इस में क्या! ये तो मेरा फर्ज है."

"सुनंदा की भी यही इच्छा थी," भाभी म्हणाली. डोळ्यांना ओढणी.

"हाँ ना! उस की बहुत इच्छा थी," मी म्हणालो. विक्कीला नोकरी लागावी, ही सुनंदाची इच्छा होतीच की!

"मनीषा से पूछ लिया?"

"उसी ने तो बोला, कि तुरंत करो!"

"हाय, शर्माई भी नहीं?"

"उस में शर्माना क्या?"

"देखा जी? आजकल के बच्चे!" भाटियासाहेब गदगदले. "एक ही फिकर थी. आप मराठी, हम पंजाबी..."

"छोडिए भाटियाजी," मी छाती काढून म्हणालो, "आखिर सब एक ही देश के हैं!"

"लो, बात ही ख़त्म! कोई जल्दी नहीं. सर्दियों में कर लेंगे."

मला वाटलं, पार्टी.

बुआजींनी वर्तमानपत्र मिटलं होतं. त्या चष्म्यावरून माझ्याकडे पाहत होत्या. आणि विक्की? विक्कीच्या तोंडात पेढा आणि खारीक दोन्ही होतं. त्याला गिळताही येत नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं. मला वाटलं, भारावला बिचारा!

मी घरी आलो, करंडा जागेवर ठेवला आणि सुनंदाच्या फोटोला म्हटलं, "जमलं बरं का मला." दुपारी इतकी छान झोप बऱ्याच महिन्यांत लागली नव्हती.

संध्याकाळी ढोलकीच्या आवाजानं जाग आली.

दार उघडतो तर काय! संतोष भाभी, बुआजी, ओळीतल्या चार बायका, एकीच्या गळ्यात ढोलकी. मिठाईचे खोके, बांगड्या आणि जरीची लाल ओढणी. मी म्हटलं, आपण नारळ दिला तर ही माणसं केवढी परतफेड करतात! सगळ्यांना आत घेतलं. तेवढ्यात मनू आली. दारातच भाभीनं तिच्या डोक्यावर ती ओढणी घातली, कपाळाचं चुंबन घेतलं आणि तोंडात अख्खा लाडू.

"मेरी बच्ची! मेरी नूह!"

मनू लाडू तोंडात तसाच धरून म्हणाली, "बाबा, जरा आत या."

स्वयंपाकघरात तिनं लाडू गिळला, वर पाणी प्यायली आणि अगदी शांत आवाजात विचारलं. तिचा शांत आवाज आईवर गेलाय. त्या आवाजाला मी तेव्हाही घाबरायचो.

"बाबा, माझं लग्न कुणाशी ठरलंय?"

"तुझं? कुणाशी नाही. का?"

"नूह म्हणजे सून. भाभी मला सून म्हणतायत. तुम्ही सकाळी काय केलंत?"

"तू म्हणालीस तेच. ते... आईसारखं. नारळ."

"फक्त नारळ?"

"कुंकू. अक्षता. शाल. रुपया. पेढा. आणि खारीक."

मनूनं डोक्यावरची ओढणी न काढता कपाळाला हात लावला. "खारीक पण? बाबा! ह्याला इथे शगुन म्हणतात. मुलीचा बाप मुलाला टिळा लावतो, नारळ देतो, खारीक भरवतो. झालं. बुकिंग! माझ्या ऑफिसातल्या रीटाच्या वडिलांनी गेल्या महिन्यात केलं. ह्याच्यात आणि त्याच्यात काही फरक नाही, फक्त तुम्ही शाल एक्स्ट्रा दिलीत!"

मी गव्हाच्या डब्यावर बसलो.

"दीदी म्हणतो तो मला," मनू म्हणाली. "अजून साधं इंटिग्रेशन येत नाही त्याला. बाहेर जा आणि सांगा."

मी बाहेर गेलो. भाभी सुनंदाच्या फोटोपुढे लाडू ठेवून उभी होती. फोटोशी बोलत होती. काय बोलत होती ते याही वेळी मला कळलं नाही. मी तोंड उघडलं आणि म्हणालो...

"आप लोग चाय लेंगे?"

हो. एवढंच. सगळ्यांनी चहा घेतला. दोन गाणीही झाली.

बायका गेल्या आणि पाचच मिनिटांत मागच्या दाराशी विक्की. हातात तोच नारळ, लाल कापडासकट.

"अंकल, मैंने क्या किया?"

"कुछ नहीं, बेटा. मैंने किया."

"दीदी... मतलब मनीषा जी... मतलब दीदी नाराज़ तो नहीं हैं?"

आतून मनूचा आवाज आला, "विक्की! साइन स्क्वेअर थीटा प्लस कॉस स्क्वेअर थीटा?"

"वन, दीदी!" असं ओरडून तो भिंतीवरून उडी मारून पळाला. नारळ मात्र घेऊन गेला. त्याच्याही लक्षात आलं नाही.

सोमवारी सकाळी मी भाटियांकडे गेलो. पंधरा पावलांचं अंतर, पण मला वाटेत दोनदा थांबावं लागलं. भाभी फोनवर होती. लुधियानाला फोन झाला होता, जालंधर चालू होतं. मला पाहून हसून तिनं रिसीव्हर ठेवला.

"भाभीजी, एक गलती हुई."

सांगितलं. कसं सांगितलं ते विचारू नका. "हमारे यहाँ नारियल सब को देते हैं" एवढं वाक्य मी बहुधा अकरा वेळा म्हणालो.

"सबको मतलब?" दुकानाला निघालेल्या भाटियासाहेबांनी विचारलं.

"जो पास होता है, जो रिटायर होता है, जो भाषण करने आता है..."

"टीका भी?" त्यांनी कपाळावर बोट टेकवलं.

"टीका भी."

"मर्दों को भी?"

"भाटियाजी, मुझे खुद को छह बार मिला है!"

मराठीत नोकरीवरून काढण्यालाही नारळ देणंच म्हणतात, हे त्यांना सांगायला मी गेलो नाही. आहे तेवढा गोंधळ पुरे होता.

भाभी चिडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त हळूच म्हणाली, "मैंने तो कल सुनंदा को बता भी दिया, भाईसाब. फोटो के सामने. कि तेरी बेटी अब मेरे पास रहेगी, तू फिकर मत कर."

मी नमस्कार करायला हात जोडले आणि ते तसेच राहिले.

मग ती म्हणाली, "सारी लाइन को लड्डू बाँट चुकी हूँ. अब सब कहेंगे, लड़की वालों ने मना कर दिया. लड़के में ही कोई खोट होगी. नई नौकरी, नया मोहल्ला... मेरे विक्की का क्या होगा?" आणि उठून स्वयंपाकघरात गेली. आतून भांड्यांचा आवाज आला. नेहमीपेक्षा जास्त.

त्या गुरुवारी मनू संध्याकाळी भिंतीपाशी उभी राहिली. सात वाजले. साडेसात वाजले. डबा आला नाही. मनू आत आली, कांदा चिरायला घेतला आणि आम्ही पिठलं खाल्लं. चांगलं झालं होतं. दोघांनीही अर्धं ताटात ठेवलं.

शुक्रवारी सकाळी बुआजी आल्या. बसल्या नाहीत. उभ्या उभ्या म्हणाल्या, "कदम साहब, आप कहते हैं कि आपके यहाँ नारियल सबको देते हैं."

"जी."

"तो दीजिए."

"किस को?"

"सबको! रविवार को. पूरी लाइन के सामने. लोग अपनी आँखों से देख लें कि यह रिवाज है, रिश्ता नहीं. लड़के की बात रह जाएगी." आणि जाताना, "छुहारा मत लाइएगा." म्हणजे खारीक.

हेडमिस्ट्रेस ती हेडमिस्ट्रेस!

पूजासाहित्याच्या दुकानात गेलो. "आठ नारियल."

दुकानदारानं माझ्याकडे निरखून पाहिलं. "आठ लड़के?"

"लाल कपडा नहीं चाहिए!" मी ओरडलोच.

रविवारी आमच्या अंगणात खुर्च्या मांडल्या. भाटियांच्या घरचे सगळ्यात मागे. भाभीनं मला नमस्कार केला, पण नजर दिली नाही. सुरुवातीला मी छोटं भाषण करून महाराष्ट्रातल्या नारळाचं महत्त्व सांगितलं. पहिला नारळ कॅप्टन सूद यांना, सैन्यातल्या सेवेबद्दल. ते रिटायर होऊन वीस वर्षं झाली होती, पण ते ताठ उभे राहिले आणि नारळाला सॅल्यूट केला. मग शाळेत बढती मिळाली म्हणून नायरबाई. त्या केरळच्या. त्यांनी नारळ कानाशी हलवला, पाणी किती आहे ते ऐकलं आणि म्हणाल्या, "पुराना है." मिश्राजींचा मुलगा बी.कॉम. झाला होता, त्याचं नाव पुकारलं तर मिश्राजी मध्ये उभे राहिले. "पहले सबके सामने बोलिए, कि इसका कोई मतलब नहीं है!"

"कोई मतलब नहीं है!" मी हात वर करून जाहीर केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मिश्राजींनी मुलाला सोडलं.

असे सात नारळ झाले. ओळीला पटत चाललं होतं. बायका आपसांत 'अच्छा, ऐसा होता है' म्हणत होत्या. भाभीची मानही जरा वर झाली होती. मला हुरूप आला. आठवा नारळ मी मुद्दाम राखून ठेवला होता, बुआजींसाठी. ज्यांनी वाचवलं त्यांचा सत्कार नको?

आणि बाईला नुसता नारळ कसा द्यायचा? आपल्याकडे सोबत खण देतात, साडी देतात. सुनंदाच्या कपाटात देण्याघेण्याच्या साड्यांचा कप्पा होता, तिनंच घड्या घालून ठेवलेला. सकाळी त्यातली वरची काढून ठेवली होती. डाळिंबी रंगाची, जरीच्या काठाची. मला सगळ्यात चांगली तीच वाटली. मनूला विचारलं नव्हतं. आणि ती नेमकी आत चहा गाळत होती.

"बुआजी, आगे आइए."

त्या पुढे आल्या. खरं तर करंडा त्यांच्यापुढे धरायचा, बाई आपलं आपण लावून घेते. पण सात कपाळं झाली होती हो! बोट आधीच लाल होतं. हात सवयीनं पुढे गेला आणि मी बुआजींच्या कपाळाला कुंकू लावून मोकळा! मग ती लाल साडी हातांवर ठेवली. साडीवर नारळ. नारळावर रुपया.

टाळ्या वाजल्या नाहीत. कॅप्टन सूदांच्या हातातला नारळसुद्धा गप्प.

मी वर पाहिलं. विधुर मी. समोर अविवाहित बाई. कपाळाला कुंकू, हातात लाल साडी, आणि साक्षीला सगळी ओळ!

बुआजींनी चष्मा नाकावर खाली घेतला आणि वरून माझ्याकडे पाहिलं.

"कदम साहब, यह भी आपके यहाँ सबको लगाते हैं?"

तेवढ्यात मनू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिनं बुआजींचं कपाळ पाहिलं, साडी पाहिली आणि ट्रे पायरीवर ठेवला.

"बाबा! परत?"

आणि मागून एक आवाज आला. आधी वाटलं कुणी शिंकलं. संतोष भाभी! ओढणीचा बोळा तोंडात कोंबून ती हसत होती. हसता हसता खुर्चीवरून खाली जमिनीवर बसली. बुआजींकडे बघून "जीजी!" एवढंच म्हणायची आणि परत हसायची. मग भाटियासाहेब उठले, मला मिठी मारली, या वेळी साबण नव्हता, आणि म्हणाले, "बधाई हो जी! रिश्तेदारी तो हो ही गई!" मग सगळं अंगणच हसायला लागलं. विक्कीसुद्धा. आठवडाभरात पहिल्यांदा त्याच्या तोंडात काही अडकलेलं नव्हतं.

बुआजी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी नारळ आणि रुपया माझ्या हातात परत ठेवला. साडीवरून एकदा हळूच हात फिरवला.

"सुनंदा की है?"

मी मान हलवली.

"यह मैं रख लेती हूँ," त्या म्हणाल्या. "आपको लौटा रही हूँ."

त्यानंतर ओळीत विक्कीबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. काढणार कसा? त्या सगळ्या प्रकरणात मुलीकडून नकार आला, तो फक्त एकाच माणसाला. कॅप्टन सूद तर पुढे कित्येक महिने भेटले की माझ्या खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "हिम्मत मत हारना."

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता भिंतीवरून हाक आली. "भाईसाब, डब्बा!"

मनू धावली. मीही धावलो.

पलीकडून भाभी म्हणाली, "राजमा ही है. नारियल नहीं डाला, डरना मत."

तेव्हापासून मी केळी नेतो. केळ्याला कुठे काही अर्थ नसतो. निदान दोन महिने तरी मी याच समजुतीत होतो. मग नायरबाईंनी सांगितलं, की त्यांच्याकडे लग्नाच्या दारात केळीचे अख्खे घड लावतात.

म्हणून आता मी डझनच नेतो. तीही सुटी. आणि विधवा, अविवाहित वगैरे कुणी दार उघडलं, तर आधी तिच्यासमोर उभ्या उभ्या एक सोलून खाऊन दाखवतो.